छत्तीसशे रिंगा

भोसरीच्या पीसीबीवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मी नुकतीच डबा उघडून बसले होते.

"मॅडम, तुमची गर्बर फाइल उघडली. पण यात एकही ट्रॅक कशालाच जोडलेला नाही. नुसत्या रिंगाच रिंगा आहेत. फाइल करप्ट झालीय का?"

बोर्डाचा नकाशा असलेली ती फाइल ठीक होती. तीस सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद शीट, जाडी पाव मिलिमीटर. तिच्यावर तांब्याच्या रिंगांच्या ६० ओळी, एकेका ओळीत ६० रिंगा, एकूण ३६००. प्रत्येक रिंगेचा बाहेरचा व्यास सव्वाचार मिलिमीटर, रेघेची रुंदी ०.३ मिलिमीटर, आणि एका रिंगेच्या मध्यापासून शेजारणीच्या मध्यापर्यंत बरोबर ५ मिलिमीटर. भोक नाही, पॅड नाही, वीज आत यायला जागा नाही आणि बाहेर जायलाही नाही. काकांनी आयुष्यभर जे बोर्ड केले त्यांत वीज इथून निघून तिथं पोचायची. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

"काका, फाइल बरोबर आहे. तशीच करा," मी म्हणाले.

"कशाला लागतं हो हे?"

मी म्हटलं, सवडीनं सांगते. ती सवड पुढं वर्षभरानं मिळाली. आता लिहायला बसले आहे ते थोडं त्या उत्तरासाठीच.

उपग्रहाशी बोलणारी तबकडी महाग असते. तिचा पाया, तिला फिरवणारी यंत्रणा, तिचा अचूक घडवलेला पृष्ठभाग, सगळाच मोठा खर्च. त्यामुळं एकाच तबकडीवर दोन पट्टे चालवावेत असं प्रत्येकाला वाटतं. आमच्या कामात खालचा पट्टा केयू, १०.९५ ते १४.५ गिगाहर्ट्झ, आणि वरचा केए, १९.७ ते २०.२. दोन्हींचे हॉर्न, म्हणजे लहर पाठवणारे-घेणारे भोंगे, वेगळे. पण तबकडी सगळ्या लहरी एकाच ठिकाणी गोळा करते आणि त्या एका ठिकाणी दोन हॉर्न बसत नाहीत. मग वाटेत एक तिरपी पाटी लावायची. केयूला ती काचेसारखी वाटली पाहिजे, म्हणजे ती लहर आरपार जाऊन मागच्या हॉर्नमध्ये पडेल. केएला तीच पाटी आरशासारखी वाटली पाहिजे, म्हणजे ती लहर वळून बाजूच्या हॉर्नमध्ये जाईल. पाटी एकच. तिला वीज द्यायची नाही, तिच्यात हलणारं काही नाही. इंजिनिअर लोक तिला फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह सरफेस म्हणतात, बोलताना नुसतं एफएसएस. डिशवाले जुने लोक डायक्रोइक प्लेट म्हणतात.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. तिथून २० गिगाहर्ट्झची लहर इथं येईतो तिची जी घट होते ती जवळपास २१० डेसिबल. एकावर एकवीस शून्यं लिहा आणि उपग्रहानं पाठवलेल्या शक्तीला त्या आकड्यानं भागा. एवढं सोसून जे हाताशी येतं त्यातला अर्धा डेसिबल पाटीनं खाल्ला तर अकरा टक्के शक्ती गेली. म्हणून या कामात अर्धा डेसिबल ही मोठी रक्कम. मला पहिल्या दिवशी लॅबमधल्या सरांनी दिलेली अट तीच होती: केयूत अर्ध्या डेसिबलहून जास्त तोटा नको, आणि केएत शंभरातला एकच भाग आरपार निसटलेला चालेल.

माझं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून लांब नाही. आमच्या भागात अशा तबकड्यांचं कुणाला नवल नसतं. आर्वीचं विक्रम भू-केंद्र १९७१ पासूनचं, आणि खोडदची रेडिओ दुर्बीण तर आमच्या शाळेच्या सहलीचीच जागा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. चौथीत असताना मी अण्णांना विचारलं होतं, "एवढी मोठी ताटली आणि तिला सगळी भोकं, मग त्यातून सगळं सांडत कसं नाही?" कारण त्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत. स्टेनलेस स्टीलच्या अगदी बारीक तारेची जाळी दोरांवर ताणून त्या केलेल्या आहेत. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. जाळीतून वारा निघून जातो, त्यामुळं सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च आवाक्यात राहतो. अण्णांनी कांद्याच्या चाळीकडं बोट दाखवलं. "वारा जातो, कांदा जातो का?"

ते उत्तर मला फार वर्षं पुरलं, आणि ते बरोबरच होतं. खोडदला येणाऱ्या लहरींची लांबी २१ सेंटिमीटर आणि त्याहून पुष्कळ जास्त, जाळीचं भोक एक-दोन सेंटिमीटरचं. भोकापेक्षा लहर खूप मोठी, म्हणून ती परत फिरते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळीही याच हिशेबानं चालते.

कॉलेजात एफएसएस समोर आलं तेव्हा हे उत्तर अपुरं पडलं. चाळीच्या हिशेबात लहान लहर निसटते, मोठी अडकते. आम्हाला हवं होतं ते नेमकं उलटं. केयूची लहर मोठी, दोन-अडीच सेंटिमीटरची, ती जायला हवी. केएची लहान, दीड सेंटिमीटरची, ती अडायला हवी. भोकाच्या मापानं हे कधीच होणार नाही.

होतं ते रिंगेच्या परिघामुळं. लहर येते तेव्हा रिंगेतल्या तांब्यात करंट फिरायला लागतो. परीघ जर लहरीच्या लांबीएवढा जुळला तर तो करंट एकदम जोर धरतो, आणि जोरात फिरणारा करंट स्वतःच लहर फेकतो, पुढंही आणि मागंही. पुढं फेकलेली लहर मूळ लहरीच्या बरोबर उलटी असते. दोघी एकमेकींना खोडतात, पलीकडं काही उरत नाही. मागं फेकलेली तेवढी परत जाते. आरसा झाला. हवेत २० गिगाहर्ट्झची लांबी १५ मिलिमीटर. शीटच्या प्लॅस्टिकमुळं आणि शेजारच्या रिंगांमुळं ती आखडते, म्हणून परीघ साडेबाराच्या आसपास बसतो. केयूची लहर त्या परिघाला जुळत नाही, करंट क्षीण राहतो, लहर पुढं निघून जाते.

हे समजलं तेव्हा मला वाटलं विषय हातात आला. एक रिंग नीट कापायची आणि तिच्या ३६०० नकला काढायच्या. सरांनी मला पहिल्या आठवड्यात एकच प्रयोग करायला लावला. रिंग तीच ठेव, दोन रिंगांमधलं अंतर वाढव. मी ५ चे ७ मिलिमीटर केले. आरशाचा पट्टा एकदम अरुंद झाला आणि जागेवरून सरकलाही. रिंगेला मी हातसुद्धा लावला नव्हता. ५ चे साडेचार केले, पट्टा रुंदावला आणि उलट्या बाजूला हलला. त्या दिवसानंतर मी रिंग हा शब्द एकवचनात फारसा वापरलेला नाही. एकटी रिंग काहीच गाळत नाही. ती किती करंट धरणार, कोणत्या फ्रिक्वेन्सीला धरणार, हे तिच्याभोवतीच्या रिंगा ठरवतात. गाळणी म्हणायची तर ती तांब्यात कमी आणि मधल्या पाऊण मिलिमीटर रिकाम्या फटीत जास्त आहे.

कॉम्प्युटरवर हे काम करताना ३६०० रिंगा काढाव्या लागत नाहीत. एक घर काढायचं, त्यात एक रिंग ठेवायची, आणि घराच्या चारी भिंतींना सांगायचं की तुमच्या पलीकडं असंच घर आहे, त्याच्या पलीकडं असंच, अनंतापर्यंत. यामागचं गणित फ्लोके या फ्रेंच गणितज्ञाचं, १८८३ सालचं. त्याच्यामुळं दिवसभराचा हिशेब काही मिनिटांत येतो. फक्त कॉम्प्युटर ज्याला अनंतापर्यंत म्हणतो ते आमच्याकडं तीस सेंटिमीटरला संपतं, हे विसरून चालत नाही. ते मी विसरले आणि दोन आठवडे त्यात गेले.

काकांकडून शीट आली. पातळ असल्यामुळं हातात धरली की लवायची, म्हणून थर्मोकोलच्या तुकड्यावर चिकटवली. थर्मोकोल म्हणजे बहुतेक हवाच, लहरीला त्याचं अस्तित्व जाणवत नाही. सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली होती. तिच्या एका बाजूला पाठवणारा हॉर्न, दुसऱ्या बाजूला घेणारा, आणि भोवती कार्बनयुक्त फोमचे काळे टोकदार अब्सॉर्बर. आधी रिकाम्या चौकटीचं माप घ्यायचं, ते शून्य. मग शीट लावून पुन्हा माप. दोन्हींतला फरक हा शीटचा.

नेटवर्क ॲनालायझरच्या पडद्यावर, किती लहर आरपार गेली ते दाखवणाऱ्या रेघेत, खड्डा दिसला. फार आनंद झाला, कारण मुळात खड्डा दिसणं हीच पहिली परीक्षा. पण तो असायला हवा होता तितका खोल नव्हता. पट्ट्यात २३ डेसिबल अपेक्षित, आणि रेघ जेमतेम १७ पर्यंत उतरत होती. मी आधी तांब्यावर संशय घेतला, मग प्लॅस्टिकवर, मग स्वतःच्या सिम्युलेशनवर. शेवटी एका दुपारी चौकटीत शीटऐवजी ॲल्युमिनियमचा अखंड पत्रा लावून बघितला. पत्र्यातून तर काहीच जायला नको. रेघ थोडीशीच खाली गेली आणि थांबली. म्हणजे लहर शीटमधून येतच नव्हती. ती कडेला वळसा घालून पलीकडं पोचत होती. माझी शीट अनंतापर्यंत पसरलेली नव्हती, तिला कडा होती आणि कडेला वाट होती. चौकटीच्या चारी बाजूंना अब्सॉर्बरची रुंद झालर लावली, हॉर्न जवळ घेतले, रिकाम्या चौकटीचं माप नव्यानं घेतलं. खड्डा खोल झाला.

खोल झाला, पण जागा चुकलेलीच राहिली. मध्य १९.९५ ला हवा होता, तो १९.५५ ला बसला. चारशे मेगाहर्ट्झ म्हणजे दोन टक्के. ऐकायला किरकोळ, पण आमचा सगळा केए पट्टाच मुळी पाचशे मेगाहर्ट्झचा. खड्डा खाली सरकल्यामुळं २०.२ च्या टोकाला शंभरात एकऐवजी तीन भाग निसटत होते.

ही शीट मी कितीदा हातात घेतली असेल. ती हिरवी होती. बहुतेक पीसीबी हिरव्याच असतात, त्यामुळं त्या रंगाकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. तो रंग म्हणजे सोल्डर मास्क. तांबं काळं पडू नये, डाग देताना कथील पसरू नये म्हणून वरून दिलेला लाखेसारखा थर. काकांच्या दुकानात काही लिहून दिलं नसेल तर मास्क असतोच, आणि मी ऑर्डरमध्ये "मास्क नको" हे लिहिलंच नव्हतं. भिंगाखाली कोपऱ्यातली एक रिंग घेतली आणि ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडली. हिरवा पापुद्रा निघाला आणि खालून गुलाबी तांबं चमकलं. मायक्रोमीटरनं मास्कसकट आणि मास्कशिवाय जाडी मोजली. फरक मिलिमीटरच्या तीन शतांशांचा. केसाहूनही कमी. तेवढाच थर सिम्युलेशनमध्ये रिंगांवर पसरला आणि खड्डा आपणहून १९.५५ च्या जवळ येऊन बसला.

कारण पुन्हा तेच, फट. दोन रिंगांमधल्या फटीत विद्युतक्षेत्र सगळ्यांत दाट असतं, आणि मास्क नेमका तिथं भरला होता. दुसरी शीट मास्कशिवाय आली, तांब्यावर रासायनिक कथिलाचा पातळ मुलामा दिलेली. खड्डा जागेवर आला. काकांनी त्या कामाचे पैसे अर्धेच लावले. मी पूर्ण दिले, चूक माझ्या कागदात होती.

आरसा तयार झाला. काच अजून व्हायची होती.

एका शीटनं केयूमध्ये फार तोटा होत होता. १०.९५ ला ठीक, पण जसजसं वर जाल तसतशी रिंग जागी व्हायला लागते, आणि १४.५ ला जवळपास १.२ डेसिबल परत फिरत होतं. म्हणजे चारातला एक हिस्सा. अट अर्ध्या डेसिबलची. मी रिंगा विरळ करून बघितल्या, आरसा अरुंद झाला. दाट केल्या, काच मळली. एकीकडं ओढलं की दुसरीकडं उघडं पडतं अशी तोकडी चादर.

सर म्हणाले, "अजून एक शीट लाव."

एका भिंतीतून चारातले तीन भाग जात असतील तर तशा दोन भिंतींतून आणखी कमी जाणार, असंच मला वाटलं. कुणालाही वाटेल. सरांनी फळ्यावर दोन उभ्या रेघा काढल्या. पहिल्या शीटवरून थोडी लहर परत फिरते. दुसरीवरूनही तेवढीच परत फिरते, पण ती मधलं अंतर दोनदा चालून येते, म्हणून उशिरा पोचते. अंतर असं निवडायचं की दुसरीचा उतार नेमका पहिलीच्या चढावर पडावा. दोन्ही परतीच्या लहरी एकमेकींना पुसतात. परत काहीच जाणार नसेल तर सगळं पुढंच गेलं पाहिजे, जायला तिसरी वाट नाही. चष्म्याच्या काचेवर जो चकाकी घालवणारा लेप असतो, तोही याच न्यायानं चालतो.

मला फळ्यावर पटलं, पण विश्वास बसला तो मोजताना. दोन शीटांच्या मध्ये ४ मिलिमीटरचा फोम. १३ गिगाहर्ट्झच्या तरंगलांबीचा हा साधारण सहावा हिस्सा. चौकटीत आधी एकच शीट लावली, रेघ १४.५ ला १.२ डेसिबल खाली. मग त्याच शीटच्या मागं फोम आणि दुसरी शीट सरकवली. हात बाजूला काढला तशी रेघ वर उचलली गेली. ०.३ च्या आसपास येऊन थांबली. मी दुसरी शीट काढली, रेघ पडली. लावली, चढली. असं मी पाच-सहा वेळा केलं असेन. पडदा वाढवल्यानं उजेड वाढतो हे डोळ्यांदेखत घडत होतं. वरच्या पट्ट्यात दोन आरसे एकामागं एक, त्यामुळं तिथं निसटणं आणखीनच कमी झालं. माझ्या हातून घडलेल्या कामातला तो तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आनंदात रिपोर्ट लिहून सरांपुढं ठेवला. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "ही पाटी बसणार कशी?"

"तिरपी, ३० अंशांत."

"आणि किरण?"

हॉर्नकडं येणारा झोत समांतर नसतो, शंकूसारखा मिटत येतो. मधला किरण पाटीवर ३० अंशांनी पडतो, एका कडेचा २० नं आणि दुसऱ्या कडेचा ४० नं. मी सगळं ३० ला जुळवलं होतं. तिरप्या किरणाला दोन शीटांमधलं अंतर कमी भासतं, आणि लहरीचं विद्युतक्षेत्र उभं आहे की आडवं यावरही रिंगांचा प्रतिसाद बदलतो. चौकटीखाली फिरता पाट होताच, त्याच्यावर कोनमापकाच्या खुणा होत्या. तो ४० वर फिरवला, हॉर्न उभ्या क्षेत्रावर ठेवला. १०.९५ ला तोटा अर्ध्या डेसिबलच्या वर गेला. नापास.

याला एकच उपाय होता, आणि तो मनाला पटवायला मला वेळ लागला. फोम जाड करायचा. ४ चा ४.४. असं केलं की ४० अंशांचा किरण अटीत येतो, २० चाही अटीत राहतो, पण मधला, ३० चा, जो १४.५ ला जवळजवळ तोटाच सोसत नव्हता, त्याला पाव डेसिबल भुर्दंड पडतो. जो आकडा रिपोर्टच्या पहिल्या पानावर मिरवायचा तोच मी स्वतःच्या हातानं बिघडवला. झोतात मधला किरण एकच असतो, कडेचे खूप असतात. कोणत्याही कोनात उत्तम नाही, पण एकाही कोनात नापास नाही, अशी ती पाटी झाली.

४.४ मिलिमीटरचा फोम बाजारात मिळत नाही. ५ चा आणला आणि सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासला. गोल गोल घासायचा, दर पाच मिनिटांनी नऊ जागी व्हर्नियरनं मोजायचा. मध्ये फुगीर राहतो, कडा आधी झिजतात. दोन तुकडे वाया गेले, तिसरा जमला. त्या दिवशी घरी गेले तेव्हा केसांत पांढरी भुकटी होती. त्याच सुमारास आई पुण्याला आलेली. तिनं टेबलावरची शीट उचलून उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. म्हणाली, "खणावरच्या बुट्टीसारखं दिसतंय. विणताना एक बुट्टी चुकली तर पुढची सगळी ओळ दिसून येते."

तिला मी फिलाडेल्फियाची गोष्ट सांगितली. फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी एका संध्याकाळी रेशमी रुमाल डोळ्यांपुढं ताणून रस्त्यावरच्या दिव्याकडं बघितलं. रुमालाचे धागे जाड होऊन दिसले, आणि रुमाल हलवला तरी त्या काळ्या रेघा जागच्या हलेनात. १७८५ साली त्यांनी खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना विचारलं. रिटनहाउसनी बारीक आट्यांच्या दोन स्क्रूंमध्ये ओळीनं केस ताणून एक चौकट केली आणि प्रकाशाचं काय होतं ते मोजलं. सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा ठेवलेल्या वस्तूंमधून लहर गेली की काय होतं, याचा अभ्यास तिथून सुरू होतो. आपल्याकडं १८९० च्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटरच्या लहरींवर काम केलं, तेव्हा त्यांनीही पीळ दिलेला ताग वापरला होता. आमच्या विषयाचं कापडाशी असं जुनं नातं आहे. आईनं ऐकून घेतलं आणि रेशीम कोणतं होतं ते विचारलं. ते मला ठाऊक नव्हतं.

आमची पाटी जमिनीवरच्या तबकडीसाठी होती, म्हणून बऱ्याच गोष्टी सोप्या झाल्या. अवकाशात जाणारी असती तर उन्हासावलीच्या तापमानात ती वाकते किती, निर्वातात चिकटद्रव्यातून वाफा सुटतात का, कशालाच न जोडलेल्या तांब्यावर भार साठून ठिणगी पडेल का, हे सगळं पाहावं लागलं असतं. काकांचा पहिला प्रश्न तिथं खरोखरच ऐरणीवर येतो.

पण तसं काम झालेलं आहे, आणि ते किती टिकतं हे मला २०२४ च्या शेवटी कळलं. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांची तबकडी ३.६६ मीटरची. तिच्यासमोरचा लहान आरसा हा एफएसएसच आहे. त्यावर धातूच्या छोट्या फुल्या आहेत. ८.४ गिगाहर्ट्झच्या एक्स पट्ट्याला तो आरसा, आणि २.३ च्या एस पट्ट्याला काच. एस पट्ट्याचा हॉर्न त्याच्या पाठीमागं बसवलेला. व्हॉयेजर १ नं १९८१ नंतर तो एस पट्टा वापरलाच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये यानाच्या सुरक्षा यंत्रणेनं एक्स पट्ट्याचा ट्रान्समीटर बंद केला आणि यान गप्प झालं. इंजिनिअरांनी एस पट्ट्यावर शोध घेतला, तर तिथं अगदी क्षीण सिग्नल होता. २,४०० कोटी किलोमीटरवरून, त्रेचाळीस वर्षं न वापरलेल्या वाटेनं, त्या फुल्यांच्या आरशातून आरपार आलेला. ती बातमी मी लॅबमध्ये उभ्यानं वाचली. ज्यांनी त्या फुल्यांची मापं काढली असतील त्यांनी कागदावर किती वेळा खोडून पुन्हा लिहिलं असेल, हे मला त्या क्षणी दिसत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी काकांना लॅबमध्ये बोलावलं. वर्षभरापूर्वीचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी पाटी चौकटीत लावली, दोन्ही पट्टे दाखवले, मग फोम आणि मागची शीट काढून रेघ पडते ती दाखवली, पुन्हा लावून चढते ती दाखवली. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. मग हॉर्नच्या मध्ये आपला हात धरला, रेघ कोसळली, हात काढला. पाटीजवळ वाकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोन रिंगांमधल्या फटीवर नखाचं टोक ठेवलं.

"म्हणजे एचिंग इथं जास्त झालं तर गेलं," ते म्हणाले.

"तिथंच गेलं."

पुढच्या नमुन्यात ३० गिगाहर्ट्झसाठी प्रत्येक रिंगेच्या आत आणखी एक लहान रिंग होती. फाइल पाठवली त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला.

"मॅडम, उजव्या कडेला बोर्ड कापताना शेवटची ओळ अर्धी जातेय. अर्ध्या रिंगा ठेवू नका. मी पॅनलमध्ये पाच मिलिमीटर वाढवतो, पूर्ण ओळ येईल. आणि मास्क नाहीये ना?"

"नाही," मी म्हणाले. "मास्क नको."

"लिहून पाठवा तेवढं."